लायसन्स एक, हात चार

मालेगावच्या कापड बाजारात गुरुवारची संध्याकाळ मोठ्या घाईची असते. शुक्रवारी यंत्रमागांची सुट्टी. त्यामुळे कारागिरांची मजुरी, आठवड्याचा जमाखर्च आणि ट्रान्सपोर्टला जाणाऱ्या गाठींची बिले, सारे त्याच संध्याकाळी उरकावे लागते. अशा वेळी कोणत्याही गद्दीवर पाच मिनिटे बसलात तर एक वाक्य हमखास कानी पडते : “ऊठ रे, मला टॅलीवर बसू दे.” खोलीत संगणक तीन-चार असतात, माणसेही तितकीच असतात, पण लायसन्स एकच असते आणि ते एकाच संगणकावर चालते. बाकीच्या संगणकांवर तोच प्रोग्राम टाकला तर तो ‘शिकाऊ’ पद्धतीने उघडतो आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंद घेतो. मला असे एक दुकानदार माहीत आहेत, ज्यांची सारी कच्ची बिले बरीच वर्षे १ किंवा २ तारखेचीच असत. गिऱ्हाईक विचारी, “सेठ, तुम्ही महिन्यातून दोनच दिवस धंदा करता का?”

हसण्याचा भाग सोडून द्या. एका लायसन्सवर चार माणसांनी काम करणे ही आज आपल्या बाजारातील इतकी सर्वसाधारण गोष्ट झाली आहे की, त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतही नाही. मलाही वाटत नव्हते. वाटू लागले ते नुकसान सोसल्यावर, आणि ते नुकसान पैशाचे नव्हते.

ती हकीकत अशी. २०१८ साली आमच्या गद्दीवर एक तरुण मुनीम होता. बी.कॉम. झालेला, नमाजी, अक्षर सुरेख, बोलणे कमी. टॅलीचे लायसन्स एका माणसाचे आणि त्यात नावही एकच, ‘अॅडमिन’. पासवर्ड आमच्या दुकानाच्या टेलिफोन नंबरचे शेवटचे चार आकडे. तो मुनीमाला ठाऊक, माझ्या पुतण्याला ठाऊक, बिले काढणाऱ्या पोराला ठाऊक, आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्या कर सल्लागाराच्या माणसालाही ठाऊक. सकाळी एकाने संगणक चालू केला की रात्री गल्ला बंद होईपर्यंत ‘अॅडमिन’च बसलेला असे. खुर्चीवर माणसे बदलत, नाव बदलत नसे.

दिवाळीच्या आधी धुळ्याच्या एका पार्टीशी खाते जुळवताना ४६,५०० रुपयांचा फरक निघाला. ती पार्टी म्हणे, आम्ही रोख रक्कम दुकानावर दिली. आमच्या खात्यात तशी जमा नव्हती. त्या तारखेला रोकड घेणारा मुनीमच होता. त्याने सांगितले, “चाचा, मी रक्कम घेतली आणि जमेची नोंदही केली.” नोंद दाखव म्हटले तर नोंद सापडेना. मी त्याला चोर म्हटले नाही, पण चोर न म्हणताही माणसाला चोर ठरवता येते. गल्ल्याची चावी त्याच्याकडून काढून घेतली. पंधरा दिवसांनी त्याने नोकरी सोडली. आपल्याकडे बाजार लहान असतो. चावी का काढून घेतली हे दुसऱ्या दिवशी चार गद्द्यांवर माहीत झाले.

पुढे एप्रिल २०१९ मध्ये सालअखेरचे बाकी-पत्र पार्ट्यांना पाठवले, तेव्हा चोपड्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. “आमच्या खात्यावर तुम्ही ४६,५०० रुपये जास्त जमा धरले आहेत, ते आमचे नाहीत.” दोन्ही पार्ट्यांच्या दुकानांचे नाव एकच, गाव वेगळे. माझ्या पुतण्याने एका रात्री बसून, आपल्या मते चूक दुरुस्त करून, धुळ्याची जमा चोपड्याच्या खात्यात वळवली होती. त्याच्या ते लक्षातही राहिले नव्हते. त्याची नियत वाईट नव्हती. मुनीमाची तर नव्हतीच. पण टॅलीला विचारले असते की ही नोंद कोणी बदलली, तर टॅलीने उत्तर दिले असते : ‘अॅडमिन’ने.

मी मुनीमाच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने दिली. परत मात्र तो आला नाही.

खुर्ची आणि नाव

हे सारे झाल्यावर मी चौकशी केली, तेव्हा मला कळले की मी दोन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजत होतो. लायसन्स हे खुर्च्यांचे असते : एका वेळी किती जणांनी बसायचे. वापरकर्त्याचे नाव हे माणसाचे असते : बसलेला कोण आहे. खुर्ची एक असली तरी चार माणसांना चार नावे आणि चार पासवर्ड देता येतात. टॅलीच्या एका माणसाच्या लायसन्समध्येही ही सोय आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. कोणाला फक्त बिले काढता यावीत, कोणाला रोकड पाहता यावी, मागील तारखेची नोंद कोणी बदलू नये, हे सारे मालकाला ठरवता येते. ‘टॅली ऑडिट’ ही जुनी सोय चालू असती तर कोणत्या नावाने नोंद बदलली हेही दिसले असते. म्हणजे जिथे पैसे लागतात तिथे मी पैसे वाचवले, इथवर समजण्यासारखे आहे. पण जिथे काहीच लागत नव्हते तिथेही मी काटकसर केली.

सरकारने ही गोष्ट कंपन्यांच्या बाबतीत आता सक्तीची केली आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीने हिशेबासाठी असाच प्रोग्राम वापरला पाहिजे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. आपले बहुतेक धंदे एकट्या मालकीचे किंवा भागीदारीचे. त्यांना हा नियम लागू नाही. पण बदलांचा माग ठेवणारी टॅलीची आवृत्ती कोणालाही वापरता येते. ज्या घरात तीन भाऊ एका गद्दीवर बसतात, त्यांनी तर ती जरूर वापरावी. भावाभावांत फूट पडते तेव्हा सुरुवात बहुधा अशाच एका नोंदीवरून झालेली असते.

जीएसटीच्या पोर्टलवरही आपण हेच करतो. एक आयडी, एक पासवर्ड, आणि तो सल्लागाराच्या कार्यालयातील सर्व पोरांना पाठ. वास्तविक एका जीएसटी नोंदणीवर १० जणांपर्यंत अधिकृत स्वाक्षरीदार नेमता येतात. ई-वे बिलाच्या पोर्टलवर तर गोदामासाठी, ट्रान्सपोर्टवर जाणाऱ्या माणसासाठी वेगळा उप-वापरकर्ता बनवता येतो, आणि त्याला फक्त बिल काढण्यापुरताच अधिकार देता येतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे आणि ई-इनव्हॉइससाठी पासवर्डखेरीज मोबाईलवर येणारा आकडाही सर्वांना सक्तीचा झाला. तेव्हापासून आपल्या बाजारात एक नवी फजिती सुरू झाली आहे : मालक लग्नाला औरंगाबादला, मोबाईल त्याच्या खिशात, गाठी ट्रकमध्ये आणि ट्रक फाटकात. एवढी फजिती होऊनही लोक उप-वापरकर्ता बनवत नाहीत, मालकाला फोन करून आकडा विचारतात. हा आकडा कोणालाही सांगू नका असे त्या संदेशातच लिहिलेले असते.

कोणते वापरणे चालते, कोणते नाही

आता मूळ प्रश्न. एक लायसन्स कितीजणांनी वापरले तर ते योग्य? या बाबतीत आपल्याकडे दोन टोके आहेत. एक म्हणतो, पैसे दिले, माल माझा, हवा तसा वापरीन. दुसरा इतका घाबरतो की मुनीमाशिवाय कोणी संगणकाला हात लावला तरी गुन्हा झाला असे समजतो. दोन्ही चूक.

पाळीपाळीने एकाच संगणकावर चार जण बसले तर त्यात काही वावगे नाही. एका माणसाचे लायसन्स म्हणजे एका वेळी एक माणूस. एकाच छपराखाली दोन भावांच्या दोन फर्म असतील तर दोन्हींची खाती एका टॅलीत ठेवता येतात, कारण टॅलीत फर्मच्या संख्येवर बंधन नाही. माहितीची प्रत काढून दुसऱ्या जागी सांभाळून ठेवणे तर फर्जच समजा. प्रोग्रामचीही एक प्रत, मूळ बिघडली तर उपयोगी पडावी एवढ्यापुरती, कायदेशीर वापरणाऱ्याला काढता येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात तशी स्पष्ट सवलत आहे.

याउलट, लायसन्स एका खुर्चीचे आणि कुलूप तोडून ते चार संगणकांवर चालवणे, याला दुसरे नाव नाही. त्यातही हल्ली एक आडवाट निघाली आहे. विंडोजच्या साध्या आवृत्तीत एका वेळी एकच माणूस बसू शकतो. हा अडसर काढून टाकणारे छोटे प्रोग्राम मिळतात. ते टाकले की चौघे चार जागांहून त्याच एका संगणकात शिरतात. संगणकवाला सांगतो, “सेठ, टॅली तर एकाच मशीनवर आहे, आपण काय चुकलो?” माझ्याकडेही एकाने अशी सोय करून दिली होती आणि मी खूश होतो. चूक ही की, संगणक एक असला तरी बसणारे एका वेळी चार आहेत, आणि विंडोजचे लायसन्सही त्याच फटक्यात मोडलेले आहे.

डिझाइनवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. साडीच्या किनारी आणि पदर काढणारे आपले कलाकार फोटोशॉप वापरतात. त्याचे लायसन्स माणसाच्या नावाचे असते. तो एक माणूस घरच्या आणि कारखान्याच्या अशा दोन संगणकांवर ते ठेवू शकतो, पण दोन्ही एकाच वेळी वापरायचे नाहीत, आणि दुसऱ्या माणसाला तर मुळीच द्यायचे नाही. तिथे पाळीपाळीने बसणेही चालत नाही. म्हणून आधी विचारावे : हे लायसन्स संगणकाचे आहे, एका वेळी बसणाऱ्यांच्या संख्येचे आहे, की नावाच्या माणसाचे? विकणारा बहुधा सांगत नाही. बिलावर किंवा करारात लिहिलेले असते.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम हा पुस्तकासारखाच ‘साहित्यकृती’त धरला गेला. १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले आणि ते १० मे १९९५ पासून लागू आहे. प्रोग्रामची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. दुकानदाराला ही सवलत मिळणे कठीण, कारण त्याचा वापर धंद्यासाठीच असतो. ‘माहीत असून’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. चार संगणक आणि एकाच लायसन्सचे बिल ज्याच्या फायलीत आहे, त्याला मला माहीत नव्हते असे कसे म्हणता येईल?

“पैसे दिले म्हणजे माल माझा” या म्हणण्याचेही उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. २००४ साली न्यायालयाने म्हटले की डब्यात किंवा सीडीवर विकला जाणारा प्रोग्राम हा ‘माल’ आहे, त्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ च्या निकालात हेही स्पष्ट झाले की ग्राहकाला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. कॉपीराइटचा कोणताही हिस्सा त्याच्याकडे जात नाही. पुस्तक विकत घेणाऱ्याला पुस्तक मिळते, ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे.

शरीअतचा प्रश्न

पण आपल्या वाचकांच्या मनात खरा प्रश्न कायद्याचा नसतो. तो असतो, हे हलाल आहे की नाही? मी उर्दू शाळेत शिकलो, आणि लहानपणापासून ऐकत आलो की इल्म विकता येत नाही, ते जितके वाटाल तितके चांगले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत पुष्कळजण हेच सांगतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. आपल्या उपखंडातील काही जुन्या, मोठ्या मुफ्तींनी लेखकाचा हक्क राखून ठेवणे आणि तो विकणे जायज मानले नव्हते. ज्याने पुस्तक घेतले त्याला त्याची नक्कल करता येते, असे त्यांचे मत होते. पुढे काळ बदलला. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीचे पाचवे अधिवेशन झाले. त्यातील ४३ व्या ठरावात व्यापारी नाव, व्यापारी चिन्ह, लेखन आणि शोध यांचे हक्क हे आज आर्थिक किंमत असलेले हक्क आहेत, शरीअतच्या दृष्टीने ते मान्य आहेत आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे जायज नाही, असे ठरले. आज बहुतेक उलेमांचे मत याच बाजूचे आहे.

आमच्या ओळखीच्या एका मुफ्ती साहेबांपुढे मी हा मतभेद मांडला, तेव्हा त्यांनी मलाच विचारले, “तुम्ही वस्तू विकत घेतली की तिची मनफअत, म्हणजे वापर, घेतला?” मी म्हणालो, वापर. “मग हे इजाऱ्यासारखे झाले. इजाऱ्यात अट असते. तुम्ही ती अट मान्य केली होती ना?” केली होती. प्रोग्राम टाकताना ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट दाबल्याशिवाय तो पुढेच जात नाही. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमान असणाऱ्यांना करार पूर्ण करण्याचा हुकूम आहे, आणि मुसलमान आपल्या अटींना बांधलेले असतात या अर्थाची हदीस आपण सगळे ऐकत आलो आहोत. तेव्हा हक्क-ए-तस्नीफबद्दल तुम्ही जुने मत माना की नवे, शब्द दिलेला आहे एवढे तरी उरतेच. यंत्रमागवाल्यांना हे लगेच समजेल. चार मागांसाठी शेड भाड्याने घेतली आणि त्यात आठ माग बसवले, तर मालक भांडायला येतो की नाही?

आणखी एक गोष्ट आपल्याच धंद्यातली. नवी किनार काढली, माल बाजारात गेला, आणि आठ दिवसांत तीच किनार दुसऱ्या कारखान्यातून पाच रुपये स्वस्त निघाली, तर आपल्याला किती राग येतो! तेव्हा आपण इल्म वाटल्याने वाढते असे म्हणत नाही. डिझाइनच्या बाबतीत कायदा तर अधिकच कडक आहे. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षे, आणि पुढे ५ वर्षे वाढवून, संरक्षण मिळते. नोंदणी न करता तोच नमुना यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा उतरवला की कॉपीराइटही जातो. म्हणजे आपण आपल्या नमुन्याची नोंदणी करीत नाही आणि दुसऱ्याच्या लायसन्सची फिकीर करीत नाही. दोन्हीकडे नुकसान आपलेच.

उर्दूवाल्यांना तर हे शिकवण्याची गरज नसावी. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ आणले आणि कातिबांच्या हाताने लिहिली जाणारी उर्दू वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, मदरशांच्या पावत्या संगणकावर आल्या. नस्तालीक लिपी संगणकावर बसवणे हे सोपे काम नव्हते. पण त्या प्रोग्रामच्या नकला जितक्या छापखान्यांत फिरल्या, तितकी बिले कोणी फाडलेली मी पाहिली नाहीत. त्यात कुराणची तर्जुमे छापणारेही होते.

आता टॅलीचेच पाहा. १९८६ साली बंगलोरमध्ये श्याम सुंदर गोयंका हे कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा करीत. हिशेबासाठी मनाजोगा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांनी आपल्या मुलाला, भरत गोयंकांना, तो बनवायला सांगितले. गणित शिकलेल्या मुलाने बनवला. कंपनीचे नाव त्या वेळी प्युट्रॉनिक्स असे होते. २०२० मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या वस्तूची नक्कल आपण बेधडक करतो, ती आपल्याच बाजाराच्या गरजेतून, गिरण्यांना माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरी तयार झाली.

खर्चाचा हिशेब

“सेठ, धर्म-कायदा सारे कबूल, पण परवडत नाही,” असे म्हणणाऱ्यांसाठी आता हिशेब मांडतो. २०२० च्या नोव्हेंबरात टॅलीप्राइम निघाले, तेव्हा एका माणसाचे ‘सिल्व्हर’ १८,००० रुपये आणि एका कार्यालयातील हव्या तितक्या संगणकांचे ‘गोल्ड’ ५४,००० रुपये होते, वर १८ टक्के जीएसटी. किमती नंतर बदलत राहिल्या आहेत, पण ढोबळ हिशेबाला हे आकडे पुरेत. गोल्ड म्हणजे तीन सिल्व्हर. तीन माणसे रोज बसत असतील तर गोल्डच घ्यावे, चौथा फुकट. लायसन्स कायमचे असते. दरवर्षी भरायचे ते नव्या सुधारणांचे आणि सेवेचे पैसे. पाच वर्षांचा वापर धरला तर गोल्ड रोज ३० रुपयांना पडते, सिल्व्हर १० रुपयांना. आमच्या गद्दीवर चहाचा खर्च याहून पुष्कळ जास्त आहे. जीएसटी नियमित भरणाऱ्याला १८ टक्क्यांची वजावट मिळते (कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही), आणि आयकरात संगणक व सॉफ्टवेअरवर २०१७-१८ पासून ४० टक्के घसारा धरता येतो. म्हणजे ५४,००० वर पहिल्याच वर्षी २१,६०० रुपये. नक्कल वापरणाऱ्याच्या हाती बिलच नाही, त्याला वजावटही नाही आणि घसाराही नाही.

तरीही सॉफ्टवेअर कंपन्यांची बाजू मी डोळे मिटून घेणार नाही. एका खुर्चीनंतर थेट मोठ्या रकमेची उडी मारायला लावणे, दोन खुर्च्यांच्या लहान दुकानदाराचा विचार न करणे, ही या साऱ्या धंद्याचीच रीत आहे. फोटोशॉपवाल्या अडोबीने २०१३ साली कायमचे लायसन्स विकण्याची जुनी रीत मोडून दर महिन्याची वर्गणी सुरू केली. मोठ्या कंपन्यांना ते सोयीचे असेल; ज्या कलाकाराला दोन महिने काम नसते त्याने काय करावे?

त्याने एक करावे. मुफ्त आणि खुले प्रोग्राम पाहावेत. मुफ्त म्हणजे चोरीचे नव्हेत. बनवणाऱ्यांनीच वाटा, नक्कल करा, हव्या तितक्या संगणकांवर टाका, अशी लेखी परवानगी दिलेले. पत्रव्यवहार आणि आकड्यांच्या तक्त्यांसाठी २०१० पासून निघणारे लिब्रेऑफिस आहे, चित्रांसाठी गिम्प, किनारीच्या रेघांसाठी इंकस्केप. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक’ हा फॉन्ट मोफत मिळतो. हिशेबासाठी आपल्याच देशात तयार झालेला जीएनयू-खाता आहे. तो मी पाहिला, वाईट नाही. पण आमचा सी.ए. टॅलीचीच फाईल मागतो आणि नवा मुनीम टॅलीच शिकून येतो, त्यामुळे मी तिथेच राहिलो. पत्रांसाठी मात्र आमच्याकडे आता लिब्रेऑफिसच आहे. पहिले आठ दिवस सगळ्यांनी कुरकुर केली.

आणि ज्यांना अजूनही कुलूप तोडलेली प्रत बरी वाटते, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. ती टाकताना संगणकवाला आधी व्हायरसचा पहारेकरी बंद करतो आणि कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्याही बंद करतो, नाहीतर चोरी उघडी पडते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर कीड जगभर पसरली. तिला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दुरुस्त्या बंद ठेवलेल्यांच्या फायली कुलपात गेल्या. आपल्या फायलीत असते काय? दहा वर्षांची उधारी.

आमच्या गद्दीवर २०२१ मध्ये गोल्ड आले. पाच नावे बनवली : मी, पुतण्या, मुनीम, बिलांचा पोरगा, आणि कर सल्लागाराचा माणूस. सल्लागाराच्या माणसाला फक्त पाहता येते, बदलता येत नाही. पहिल्या महिन्यात तो यावरून रुसला होता. पुतण्याला मागील तारखेची नोंद बदलायची असेल तर मला विचारावे लागते. दर गुरुवारी इशाच्या नमाजनंतर मी बदललेल्या नोंदींची यादी उघडून पाहतो, दहा मिनिटे लागतात. बहुतेक दुरुस्त्या माझ्याच निघतात.

जुना मुनीम आता दुसऱ्या पेठेत सुताच्या एका व्यापाऱ्याकडे आहे. गेल्या वर्षी त्याने आपल्या धाकट्या भावाला आमच्याकडे कामाला पाठवले. पहिल्या दिवशी त्या पोराने खुर्चीवर बसण्यापूर्वी विचारले, “चाचा, माझे नाव वेगळे आहे ना यात?” मी सांगितले, आहे, पासवर्ड तू टाक. तो टाकत असताना मी तोंड फिरवून बाहेर रस्त्याकडे पाहत उभा राहिलो.